हाय परफॉर्मन्स, बारा मीटर

६ मार्च, सकाळी ७.१०
ताईचा फोन. थोरल्या बहिणीच्या अधिकाराने तिने मला दातही घासू न देता बातमी दिली. ठमी तीस तारखेला जाते आहे. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावर, तीन वर्षांचं काँट्रॅक्ट. तिथेही हेच करणार, लोकांना काइटसर्फिंग शिकवणार. म्हणजे पायाखाली फळी, डोक्यावर भलाथोरला पतंग आणि मध्ये माझी एकुलती एक मुलगी.

ताई म्हणाली, जाऊन भेट तिला. म्हणालो, बघू.

दोन वर्षांपूर्वी तिने इंजिनिअरची नोकरी सोडली तेव्हा मी फक्त एक वाक्य बोललो होतो. पतंगच उडवायचे असतील तर या घरात पाऊल ठेवू नकोस. रागात माणूस बोलतो. समोरच्याने ते इतकं मनावर घ्यायचं नसतं. हिने घेतलं. तिची आई असती तर तिने दोघांनाही झापलं असतं आणि संध्याकाळपर्यंत विषय संपला असता. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

सकाळी ११, ऑफिस
ठरलं. समेट करायचा. पण माफी वगैरे नाही, कृती. मी स्वतः काइटसर्फिंग शिकायचं. खाडीच्या अलीकडच्या किनाऱ्यावरून निघायचं आणि पलीकडे तिच्या पतंगांच्या शाळेसमोर, थेट तिच्या पुढ्यात उतरायचं. हेल्मेट काढायचं. बस्स. बोलायची गरजच नाही. चोवीस दिवस आहेत, भरपूर झाले.

८ मार्च
एकोणीस व्हिडिओ पाहिले. अवघड असं काही नाही. एकतीस वर्षं मी लिफ्ट तपासतो आहे. दोर, भार, ब्रेक. काइटसर्फिंगमध्येही दोर, भार आणि ब्रेक. फरक इतकाच की लिफ्ट खालीवर जाते आणि हे आडवं.

पतंग दोन प्रकारचे. एक शिकाऊंचा. रुंद, संथ, पाण्यात पडला तरी आपण होऊन उठणारा. दुसरा हाय परफॉर्मन्स. लांब, अरुंद, चपळ. उडी मारली तर माणसाला हवेत धरून ठेवतो. शिकाऊंचा घेऊन मुलीसमोर जाणं म्हणजे तीनचाकी सायकलवरून वरातीत जाण्यासारखं.

११ मार्च
दुकानात गेलो. दुकान एका बाईंचं. उन्हाने नाक सोललेलं, बोलणं तोडून टाकणारं. विचारलं, किती दिवस करता आहात? म्हणालो, बराच अभ्यास आहे. पाण्यात किती तास झाले? म्हणालो, तासांत मोजलेलं नाही. वजन विचारलं. ८१ सांगितलं. (८६.)

त्यांनी शिकाऊंचा काढून दाखवला. म्हणाल्या, चूक केली तर हा माफ करतो, तो दुसरा करत नाही. मी म्हणालो, मला माफ करणारा नकोच आहे. बाईंनी शिकाऊंचा पुन्हा आत ठेवला. माझा आत्मविश्वास पटला असावा.

नारिंगी, बारा मीटर (म्हणजे चौरस मीटर कापड), हाय परफॉर्मन्स घेतला, सोबत बाकीचं सामानही. वॉरंटीच्या कार्डावर नाव लिहिलं तेव्हा बाईंनी आडनाव दोनदा वाचलं. इथल्या सगळ्या शाळांना माल त्याच देतात म्हणे. लिहायची पद्धत असते म्हणून त्यांनी पतंगाच्या पोटावरही माझं नाव आणि फोन नंबर लिहून दिला. नाही म्हटलं तरी ऊर भरून आला.

१२ मार्च
घरात पतंग फुगवला. चूक झाली. बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पतंगच पतंग. मी सोफ्याच्या बाजूला अडकलो. हवा सोडायची झडप पलीकडच्या टोकाला. पाऊण तास तसाच बसून राहिलो. घर इतकं भरलेलं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

शेवटी पतंगाखालून रांगत गेलो. गुडघा सुजला आहे.

१३ मार्च
ताईचा फोन. ठमीने निरोप दिला आहे की दर रविवारी सकाळी नऊला तिच्याकडे पहिला धडा असतो. छोट्या पतंगावर, वाळूतच. कोणीही यावं. वय कितीही असो.

मुलगी धंद्यात हुशार निघाली. आत्याकरवी जाहिरात. पण मी ‘कोणीही’ नाही.

१५ मार्च, रविवार
गेलो नाही. अर्धवट तयारीत जाण्यात अर्थ नाही. तिने मला वाळूत धडपडताना पाहिलं तर सगळ्या योजनेचा विचका. दिवसभर घरी हार्नेस घालून बसलो. हार्नेस म्हणजे कमरेचा जाड पट्टा, पुढे हूक. त्या हुकात पतंग अडकवतात. सवय व्हायला हवी. जेवताना त्रास होतो.

ताईने संध्याकाळी विचारलं, गेला होतास का? म्हणालो, वारा बरोबर नव्हता.

१७ मार्च
अत्यंत गंभीर दोष सापडला. पतंग जिथे हुकाला अडकतो तिथे एक लाल मूठ आहे. ती पुढे ढकलली की पतंग सुटतो. पुस्तिकेत तिला ‘सेफ्टी’ म्हटलं आहे. हसावं की रडावं कळेना. आमच्या धंद्यात सेफ्टी म्हणजे पकड. दोर तुटला की लिफ्टच्या खालचे जबडे दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट धरतात आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. माणसं जगतात ती धरल्यामुळे. सोडल्यामुळे कोण वाचलंय?

चुकून धक्का लागून पतंग सुटला, तोही भर खाडीत, तर? मूठ दोन केबल टायने, म्हणजे वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी, आवळून टाकली. आता हलत नाही. कंपनीला कळवावं म्हणतो. डिझाइनमध्ये सुधारणा होईल.

२० मार्च
प्रॅक्टिस जोरात. कपाटाच्या मुठींना दोऱ्या बांधून पतंगाची दांडी धरून मागे रेलतो. आज कपाटाचं दारच हातात आलं. आतल्या वरच्या कप्प्यातून ठमीच्या शाळेच्या वह्या डोक्यावर पडल्या. एकीत ‘माझे बाबा’ निबंध. माझे बाबा सगळ्या लिफ्ट बघतात म्हणून कोणी पडत नाही. माझे बाबा मला पोहायला शिकवतात पण हात सोडत नाहीत.

दहापैकी सहा मार्क. अक्षर वाईट होतं तिचं.

आज पुढे प्रॅक्टिस केली नाही.

२२ मार्च, रविवार
पाहणीसाठी अलीकडच्या किनाऱ्यावर गेलो. दुर्बीण नेली होती. गाडीतच बसलो. पावणेनऊला पलीकडे ठमी दिसली. केस कापले आहेत. बारीक झाली आहे. वाळूत एक छोटा पिवळा पतंग मांडून उभी होती. एकटीच. नऊ वाजले, सव्वानऊ, साडेनऊ. एकही विद्यार्थी आला नाही. दोन-तीनदा तिने रस्त्याकडे पाहिलं. दहाला पतंग गुंडाळून आत गेली.

फार वाईट वाटलं. धंदा अजिबात नाही तिचा. म्हणूनच लांब जाते आहे. एकदा वाटलं, पूल ओलांडून जावं, वीस मिनिटांचा तर रस्ता. पण हार्नेस घरी होता. नुसताच गेलो असतो तर काय बोललो असतो?

२६ मार्च
एकोणतीसला तिचा शेवटचा दिवस. तीसला सकाळचं विमान. म्हणजे एकोणतीसलाच, रविवारी. पाण्यात प्रत्यक्ष उतरायचं राहिलं आहे, पण थिअरी पक्की आहे. वारा जोरात आहे असं हवामानवाले म्हणतात. उत्तम. वारा तिरका, साधारण तिच्याच दिशेला. अर्धं काम तोच करेल.

रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. कौटुंबिक, असं लिहिलं.

२८ मार्च, दुपारी
उतरल्यावर काय म्हणायचं याचे मसुदे. १) कशी आहेस. २) हा हाय परफॉर्मन्स, बरं का. ३) ठमे, चुकलं माझं.

तिसरा खोडला. पहिल्या भेटीत इतकं नको. दुसरा चांगला आहे.

दुकानाच्या बाईंचा फोन आला होता. उद्या बारा मीटर बाहेर काढू नका, नऊ मीटरसुद्धा जास्त होईल असा वारा आहे, मी विनंती करते म्हणाल्या. आता नऊ मीटरचा विकायचा असेल त्यांना.

२९ मार्च, संध्याकाळी ६
डाव्या हाताने लिहितो आहे. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

झालं ते असं. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणारे एक आजोबा होते. त्यांना पतंगाचं टोक धरायला सांगितलं. त्यांनी विचारलं, येतं ना तुम्हाला? मी मान हलवली. अंगठा वर केला. त्यांनी सोडला.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. पाय जमिनीवर नव्हते. मग तोंड वाळूत. मग पुन्हा हवेत. लाल मुठीवर दोन्ही हातांनी ढकलत होतो. मीच आवळलेली. हलणार कशी? उपडी ठेवलेली होडी आडवी आली म्हणून थांबलो. आजोबा धावत आले आणि त्यांनी सुरीने चारही दोऱ्या कापल्या. नारिंगी पतंग उठला आणि खाडीवरून निघून गेला. सुंदर उडत होता, खरं सांगायचं तर. मी नसल्यामुळे.

आजोबांनी दवाखान्यात नेलं. फोन गाडीतच राहिला.

प्लास्टर चढत असताना ठमी किनाऱ्यावर विचारत विचारत आली. नखशिखांत भिजलेली, ओठ निळे. पतंग तिच्या किनाऱ्यावर जाऊन पडला होता. पोटावर माझं नाव. दोऱ्या तुटलेल्या. तिने फोन लावला तर मी उचलत नाही. तिने बोट काढली आणि सव्वा तास ती खाडीत मला शोधत होती. पाण्यात.

ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, बाबा, तीन रविवार मी नऊची वेळ कोणालाच दिली नाही. दुकानाच्या काकूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पिवळा पतंग तुमच्यासाठी आणला होता. का नाही आलात?

मी म्हणालो, वारा बरोबर नव्हता.

३० मार्च, सकाळी ११
विमान गेलं असेल.

कालचं अर्धंच लिहिलं होतं. तिने किनाऱ्यावर राहिलेली माझी गाडी आणली आणि मला घरी पोचवलं. पाऊण तासाचा रस्ता. दोन वर्षांनी आम्ही इतके जवळ बसलो होतो. मी बोललो. सबंध रस्ताभर बोललो. लांब पतंगाला रुंद पतंगापेक्षा उचल जास्त का मिळते, ते. ती हं हं करत होती. एकदा सिग्नलला तिने माझ्या खांद्यावरची वाळू झटकली. तेव्हा मी नऊ मीटर आणि बारा मीटरमधला फरक सांगत होतो.

वर दारापर्यंत आली. लिफ्टमध्ये ती दाराच्या वरच्या तपासणीच्या पाटीकडे बघत होती. माझी सही आहे तिथे. तिने कुलूप उघडून दिलं, किल्ली माझ्या डाव्या हातात ठेवली, औषधांची पिशवी आत सरकवली. स्वतः बाहेरच. चपला पायात, उंबऱ्याच्या पलीकडे. बरं मग, म्हणाली. मी म्हणालो, बरं. ती आणखी थोडी थांबली. मला वाटलं, काही विसरली असेल. मग म्हणालो, तुझं पॅकिंग राहिलं असेल ना, नीघ तू.

निघाली. घाईत होती. विमान पहाटेचं नसलं तरी सकाळचंच होतं. तिला आत यायला वेळ नव्हताच.

३१ मार्च
ताई येऊन गेली. भात लावून दिला. सांगत होती की ठमी विमानतळावरून फोन करून रडली. बाबांचा राग अजून गेला नाही गं आत्या, म्हणाली. दारातूनच परत पाठवलं मला.

राग! मला तिचा राग कधीच नव्हता. भीती होती. ती पाण्यावर जाते, तिला धरायला तिथे कोणी नाही, याची भीती. दोन वर्षं रोज सकाळी वाऱ्याचा वेग बघूनच ऑफिसला जातो मी. हे कोणाला सांगितलेलं नाही.

ताईला म्हणालो, हात मोडलेला होता, दुखत होतं, सुचलं नाही त्या वेळी. ताई भांडी घासून गेली.

ती गेल्यावर बराच वेळ विचार केला. आत ये. एवढंच म्हणायचं होतं. मोडला होता तो हात. तोंड चांगलं होतं.