जहागीरदारांच्या गाडीतलं टॅक्सीचं इंजिन

दादा, तुम्ही गेल्यावर त्या गाडीत मी दुसरं इंजिन बसवलं. आधी हेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

‘आपली गाडी’ असं तुम्ही आम्हा मायलेकरांना कधी म्हणू दिलं नाही. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादला निघाले, तेव्हा तुम्ही त्यांचे ड्रायव्हर. किल्ली तुमच्या हातात देऊन ते म्हणाले, सांभाळा, मी येतो. दोनच माणसांची, बसकी, हिरवी विलायती गाडी. ते आले नाहीत, त्यांच्या घरचंही कुणी आलं नाही. तुम्ही ती करमाडजवळ आपल्या घरी आणून गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी केली आणि हातपाय चालत होते तोवर पुसत राहिलात. पारावरची माणसं म्हणायची, “काय ड्रायव्हरसाहेब, घोडं बांधलंय, पण स्वार कुठाय?” तुम्ही नुसतं हसायचात. घरातलं कुणी तिच्यात बसलं नाही. मी शाळेतून येऊन एकदा स्टिअरिंग धरून बसलो होतो, तर दंडाला धरून खाली ओढलंत. “उतर. अमानत हाय ती.” खांडेनवमीला तुम्ही सायकलीला, विळ्याला, पाभरीला कुंकू लावायचात, आणि गाडीवर मात्र नुसतं झेंडूचं फूल ठेवायचात. आई विचारायची, “तिलाच का नाय कुंकू?” तुम्ही म्हणायचात, “मालक मुसलमान हाय. त्याला इचारल्याबिगर आपलं कुंकू कसं लावावं?” मी आता रोज पूजा करतो, एकादशी धरतो, पण देवापुढं हात जोडले की कधी कधी ते कुंकवाशिवायचं फूलच डोळ्यांपुढं येतं.

इंजिन तुमच्या हयातीतच जाम झालं. त्यानंतरही तुम्ही पुसणं सोडलं नाही. आई म्हणायची, “माझ्या तोंडाकडं एवढं पाह्यलं असतं तर!” आम्ही हसायचो. ती थट्टा नव्हती, हे मला यंदा कळलं.

यंदा ती मोठ्या दुखण्यातून उठली. ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाली, “एकदा त्या गाडीत बसावं वाटतंय रे.” एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. उस्मानपुऱ्यात माझं गॅरेज आहे, लोकांच्या गाड्या मी रोज चालत्या करतो. नाही कसं म्हणणार? जुन्या इंजिनाचा ब्लॉक आतून गंजानं खाल्लेला होता, त्याचं काही होण्यासारखं नव्हतं. भंगारवाल्याकडं मुंबईहून आलेली एक मोडकी टॅक्सी मिळाली. तो म्हणाला, “घेऊन जा मामू, इसने आधी मुंबई घुमाई, अब तुम्हारे नवाबकू घुमाएगी.” इंजिन खोलून, धुऊन, नव्या रिंगा घालून तयार केलं. पण गाडीत उतरवलं तर खालचं तेलाचं चेंबर चेसिसच्या आडव्या पट्टीवर टेकलं. पट्टी कापल्याशिवाय ते बसणार नव्हतं. इंजिन उद्या काढून ठेवता येतं. कापलेली चेसिस पहिल्यासारखी होत नाही. मालकाची वस्तू जशी दिली तशी परत करायची, हे तुमचं एकच म्हणणं होतं, आणि माझ्या हातात कटर होतं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, “काप. कोण येतंय आता?” मी कापली. ठिणग्या उडत होत्या तेव्हा मनात देवाचं नाव घेतलं, पण ते तुमचंच घेतल्यासारखं वाटलं.

ज्या दिवशी गाडी चालू झाली, त्या दिवशी आई लुगडं बदलून, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. मी दार उघडून धरलं. तिनं दारावर हात ठेवला, सीटकडं पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

“बस ना, आई. काय झालं?”

“त्यांनी कधी म्हटलं नाय, बस म्हणून. मी लई वाट पाह्यली. आता तू म्हणून काय उपयोग?”

एवढं बोलून ती घरात गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. इंजिन चालूच होतं. ते बंद करून आत जायला हवं होतं, तिच्याजवळ बसायला हवं होतं. मी एकटाच गाडी घेऊन बाहेर पडलो.

हे कागद देवघरात ठेवावेत असं मनात होतं, पण तिथं आईचा हात रोज फिरतो आणि तिला वाचता येतं. गॅरेजमध्ये नेऊन ठेवीन. त्या दिवशी परत आल्यावर तिला मी सांगितलं की इंजिन तापलं, म्हणून करमाडपासूनच वळवली. तसं काही झालं नव्हतं. मी करमाड मागं टाकून जालन्याच्या रस्त्यानं बराच लांब गेलो होतो, आणि त्या सगळ्या वाटेत मला तुम्हा दोघांपैकी कुणाचीही आठवण झाली नाही.