शेल्यात घेतलेला विडा

बा, तुझ्यावरचा राग अजून उतरलेला नाही. तू जाऊन किती पावसाळे झाले, आता माझेच केस पिकले, तरी पाटोद्याच्या देशमुखांच्या घरचं ते लग्न आठवलं की ताटावरून अर्धपोटी उठतो.

बेत तुझाच होता. आपण सनईवाले, आपलं बसणं दारात, जेवण गोठ्याशेजारी. आणि तुला मात्र पोरगा गादीवर बसून गाताना बघायचा होता. बीडच्या शिंप्याकडून शेरवानी मागून आणलीस, ती माझ्या घोट्यापर्यंत लोंबत होती. डोक्यावर रुमी टोपी, खांद्यावर जरीचा शेला. हैदराबादचे गवई म्हणून मी आत जायचं, तू दारात वाजवायचं, आणि एकमेकांना ओळख द्यायची नाही. एवढं सोंग कशासाठी, तर तुझ्याच मांडीवर शिकलेले सूर आत ऐकवायला.

गाणं रंगलं. देशमुख खूश होऊन विड्याचं तबक घेऊन स्वतः उठले. आणि मी मूर्ख, गादीवरून खाली उतरलो, मागं सरलो आणि शेला पसरला. आपल्या हाताला हात लागू नये म्हणून लोक वरून विडा टाकतात, तो झेलायची लहानपणची सवय. देशमुख माझ्या नाकाकडे बघत राहिले, ते हुबेहूब तुझं, मग तुला दारातून बोलावून त्यांनी विचारलं, हे पोरगं तुझं का.

"न्हाई सरकार," तू म्हणालास. "माझं पोरगं शेरडं राखतंय. असलं गाणं आमच्यात कुठनं येईल?"

हे त्यांना लगेच पटलं, बा. हैदराबादची अदबच तशी, असं देशमुखांनी सगळ्यांना समजावलं, आणि पुढच्या विड्याला त्यांचे व्याही आणि एक वकीलसाहेब चक्क उपरणं पसरून उभे राहिले. मला हसू यायला हवं होतं. पण अंगाचा तिळपापड झाला. त्यांचं सोड, त्यांना कुठली अक्कल. तू दुसरं काहीही सांगायचंस, वळखत न्हाई एवढंच म्हणायचंस. आमच्यात गाणं येत नाही, हे कुठल्या तोंडानं बोललास? त्याच तोंडानं सकाळपासून वाजवत होतास ना?

तू परत दारात जाऊन सनई उचललीस. घरी आल्यावर आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, आणि तू मनधरणी करत राहिलास. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहितो. तू न्हाई म्हणालास तेव्हा मला आधी हायसं वाटलं होतं. राग नंतर आला.