वाऱ्याचं यमक

ता. ४ जून

ती. काकांस,
चिमणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा तुमचं ऐकत नाही आणि तुम्ही गुडघ्याचं, हेही कळलं.

तुम्ही उभी केलेली आपली सिक्युरिटी कंपनी आता मोबाइलवर आली. प्रत्येक गार्डला ॲप दिलंय. कोण कुठे आहे ते कंट्रोल रूमच्या नकाशावर दिसतं, आणि हिरवं बटण दाबलं की हजेरी लागते. तेव्हा तुमची यमकाची हजेरी बंद करावी म्हणते. रागावू नका. परवा एक बडं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना आमच्या ऑपरेटरबाईंनी वायरलेसवर 'वारा' म्हटलं आणि रंगाच्या गोदामावरून आपल्या मिशीवाल्या गार्डनी ठणकावून 'पहारा' म्हटलं. साहेबांनी विचारलं, ही कंपनी आहे की कविसंमेलन! मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

एवढ्यावरून लोभ पातळ करू नये.

तुमची चिमणी


ता. ११ जून

चि. चिमणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

ॲप आणलंस, झकास केलंस. गार्ड जागेवर आहे का ते बघायला मी गावभर सायकल हाणत फिरायचो. तुला बसल्याजागी दिसतं, याचा मला हेवाच वाटतो.

यमकाचं म्हणशील, तर ते आमच्या शाळेतून आलं. गुरुजी कवितेची ओळ अर्धी सोडायचे आणि शेवटचा शब्द वर्गाने भरायचा. खिडकीपाशी पेंगणारा मी त्या एका शब्दासाठी ताडकन जागा व्हायचो. पहाऱ्यावर एकट्या बसलेल्या माणसाकडे कुणीतरी असा शब्द मागावा, एवढीच माझी हौस. मिशीवाल्यांना इतक्या वर्षांत दुसरं यमक सुचलं नाही, हे मात्र खरं.

निर्णय तुझा. महिनाअखेरपर्यंत तेवढं चालू दे, म्हाताऱ्याचा हट्ट समज.

आशीर्वादात कसूर नाही, पत्रात तू करू नयेस.

काका


ता. २६ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी सांगते, सगळं ठीक आहे. मग वाचा.

काल संध्याकाळी पडद्यावर सगळं हिरवं होतं, मिशीवाल्यांचंही. बाईंनी सवयीने 'वारा' म्हटलं. उत्तर आलं, 'खिडकी'. बाई हसल्या, पुन्हा विचारलं. पुन्हा 'खिडकी'. तेव्हा त्यांचं हसू मावळलं. नकाशावर मिशीवाल्यांचा ठिपका फाटकाऐवजी मागच्या शेडपाशी दिसत होता. जवळचा गार्ड थेट तिकडेच धावला. साखर उतरून ते भिंतीला टेकले होते, बोट मात्र बटणावर. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. एवढ्या मोठ्या गोदामात नुसत्या यमकावर त्यांना शोधत बसलो असतो तर, हा विचारही सोसवत नाही.

काका, हजेरी चालू राहील, ॲपही. त्या साहेबांना मी सांगणार आहे की हो, कविसंमेलनच आहे. आणि हजेरीत एकाची भर घातलीय: तुमची. एकटे राहता. रोज संध्याकाळी फोन येईल. यमक चुकलं, तर शेजारच्या डॉक्टरीणबाई दार वाजवतील.

तुमचे उपकार मानले तर ओरडाल, म्हणून मानत नाही.

चिमणी


ता. ८ जुलै

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

काल पहिला फोन आला. मला वाटलं ऑपरेटरबाई असतील. आवाज मिशीवाल्यांचा! बरे होऊन कंट्रोल रूममध्ये बसतात म्हणे. त्यांनी खणखणीत 'वारा' म्हटलं.

जन्मभर कविता घोकलेला मी, पण यमक सोडून 'साखर कशी आहे, जेवलात का' हेच विचारत सुटलो. पलीकडून ते हळूच सांगत राहिले, पहारा म्हणा साहेब, पहारा.

तोवर डॉक्टरीणबाई दार बडवत होत्या. यंत्रणा चोख आहे हो तुझी.

असाच लोभ रोज संध्याकाळी असावा.

काका