गटारातलं तेल आणि आईची बॅग

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (तूर्त अर्धाच पोचला समजा, गुडघा धरलाय, उरलेला भेटीत). मामींनाही नमस्कार. तुमच्या दाताचं शेवटी काय झालं? मागच्या पत्रात तो काढावा की ठेवावा यावर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि निर्णय लिहायचा विसरलात. इथे घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, दादाने ठेवलाच असणार, त्याला लहानपणापासून काही टाकवत नाही.

टाकण्यावरूनच हे सगळं रामायण सुरू झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाणी तापत ठेवलं असेल तर आधी बंद करून या. तुम्ही आईला लिहिलंत की, तुझ्या खोलीत पाणी भरतं, माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे, कोरडी आहे, कायमची निघून ये. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. आमचं घर तळमजल्याचं, गल्लीच्या तोंडाशी चार तळणवाले, आणि चौघांचंही जळकं तेल दुकान बंद करताना सरळ गटारात. ते आत जाऊन गोठायचं, गटार तुंबायचं आणि पाणी न्हाणीतून उलटं आईच्या खोलीत यायचं. तिच्या खाटेखाली आधी आम्ही एकेक वीट लावली, मग दोन, मग तीन. (चौथी लागली असती तर उतरायला शिडी द्यावी लागली असती.) तक्रार केली की पालिकेची माणसं यायची, बांबू घालून ढोसायची, चहा घ्यायची आणि जायची. गटार त्यांच्या पाठोपाठ पुन्हा तुंबायचं. मग मी चौघा मालकांना नदी, मासे, पुढच्या पिढ्या वगैरे समजावून सांगितलं. त्यातला मासे तळणारा म्हणाला, माशांची काळजी तुमच्यापेक्षा मला जास्त आहे. मी हात टेकले.

आणि त्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं. आईने वाचलं आणि घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर माळ्यावरची मोठी बॅग खाली आलेली. म्हणून मी विचार करायला बसलो (ही म्हणजे तुमची भाचेसून म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच). फुकटचा सल्ला द्यायला गेलं की लोक दारातूनच वाटेला लावतात, पण गिऱ्हाईक म्हणून गेलं की खुर्ची पुसून देतात. तेव्हा मी पुन्हा चौघांकडे गेलो आणि म्हणालो, तुमचं जळकं तेल मी विकत घेतो, त्याचा साबण करून विकणार आहे. चारही ठिकाणी खुर्ची मिळाली. एके ठिकाणी पंखाही लावला.

इथवर बरं चाललं होतं, पण मी विकत घेतोय म्हटल्यावर त्या तेलाने जो भाव खायला सुरुवात केली, तो काय सांगू! घाण तेल बघता बघता मौल्यवान झालं. कालपर्यंत ज्याला गटार होतं त्याला आज कुलूप. मासेवाला तर डबा दुकानाच्या आत नेऊन स्वतःच्या खुर्चीखाली ठेवायला लागला आणि मला सांगू लागला की त्याचं तेल बाकीच्यांपेक्षा जास्त मुरलेलं आहे. मुरलेलं होतं, यात शंका नाही. पण ह्या चढाओढीत एक गोष्ट घडली, ती शांतपणे सांगतो: गटारात तेल जायचं थांबलं. शेवटचा थर ढोसून काढला त्यानंतर पाणी खाली जायला लागलं ते आजतागायत. आईच्या खोलीची फरशी वाळली. मी त्या फरशीवर अनवाणी चालून बघितलं आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आता साबण. आपल्या घरात वजनकाटा कधी कुणी पाहिलाय? आई मीठ अंदाजाने घालते, आजी अंदाजाने घालायची, तुम्ही चहात साखर अंदाजाने घालता (आणि मामी ती अंदाजाने काढून घेतात). त्या संस्काराने मी कॉस्टिक सोडाही अंदाजानेच घातला, वर कमी पडायला नको म्हणून थोडा जास्त. पहिल्या घाण्याने हिच्या ऑफिसच्या निळ्या शर्टाचा रंग तर गेलाच, मागोमाग शर्टही गेला. दुसऱ्या घाण्यात चारही दुकानांचं तेल एकत्र केलं. कपडे स्वच्छ निघाले, पण शेजारचे काका म्हणाले की, बनियन घातल्यापासून सारखी भूक लागते. गल्लीतलं मांजर आमच्या चादरींखाली मुक्कामाला आलं. ही तीन दिवस माझ्याशी आवश्यक तेवढंच बोलली.

तिसऱ्या घाण्याच्या वेळी आई सरळ बाजारात गेली आणि काटा घेऊन आली. आपल्या घराण्यातला पहिला काटा, मामा! तिने तेल जुन्या पडद्यातून गाळलं, माशाचं वेगळं ठेवलं, सोडा तोलला, आणि मला ढवळायला लावून स्वतः दूर उभं राहून सूचना केल्या. वड्या अशा निघाल्या की मांजर हुंगून निघून गेलं. माशाच्या तेलाच्या वड्या तिने कढया आणि फरशा घासायला काढल्या आणि त्या मासेवाल्यालाच नेऊन दाखवल्या. त्याला कढया घासायला साबण लागतोच. तेव्हा आता डबाभर तेलाला दोन वड्या, असा व्यवहार ठरलाय आणि बाकीचे तिघेही त्यावर आलेत. उरलेल्या वड्या धोबी आणि आसपासची घरं नेतात. धंदा लहान आहे, पण स्वतःच्या पायावर उभा आहे.

फक्त एकच अडचण. वडी महिनाभर कोरड्या, हवेशीर जागी वाळावी लागते. आणि आमच्या घरात आता कोरडी, हवेशीर अशी एकच खोली आहे. तिथे आई वड्या मांडलेल्या फळ्यांच्या मधोमध झोपते, पण मजेत आहे. तुम्ही अजिबात काळजी करू नका. मामींच्या गुडघ्यांना आणि तुमच्या दाताला (असल्यास) आराम पडो.

तुमचा भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. बॅग अजून खाटेखाली आहे आणि भरलेली आहे. परवा झाडताना सरकवायला गेलो तर जागची हलेना. इतकं सामान माणूस चार दिवसांसाठी भरत नाही. उघडून बघायची आपल्यात कुणाची छाती आहे? तेव्हा मामा, एवढं करा. आईला लिहा की वरच्या खोलीला ओल आली. ती गेली तर साबणाचं काहीतरी करता येईल, पण संध्याकाळी घरात आल्यावर ओरडणार कोण? मला करमणार नाही.

ता. क. दुसरा. ही म्हणते खरं लिही. खरं असं की धंदा आईचाच आहे. मी डबे आणतो. मासेवाला मला ‘आजींचा माणूस’ म्हणतो.

ता. क. तिसरा. दादा, हा पत्रं चिकटवायला माझ्याकडे देतो आणि मी ती वाचत नाही असं समजतो. ओल आल्याचं काही लिहू नकोस, तुला खोटं कधी जमलेलं नाही. मी कुठेही जात नाहीये. बॅग खाली काढली तेव्हा मनात होतं, पण आता तिच्यात माझा एक कपडा नाही, सगळ्या ओल्या वड्या आहेत. इथे फळ्यांवर तसूभर जागा उरली नाही. रविवारी ह्याच्याबरोबर बॅग पाठवते; तुझ्या त्या खोलीत वर्तमानपत्रं पसर, वड्या सुट्या सुट्या मांड आणि खिडकी उघडी ठेव. एक वडी वहिनीला. आणि तो दात काढ आता.