ढोलाचं पान

माळवाडी, ता. संगमेश्वर
८ जानेवारी २०२६

ती. दादास,
सुनंदाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघी बऱ्या आहोत. मी फोनवर का येत नाही म्हणून तू सानवीला विचारलंस, तिने मला सांगितलं. फोन कानाला लावला की माझ्याच्याने बोलवत नाही. पलीकडचं माणूस थांबतं, मीही थांबते, मग सानवी फोन घेते. म्हणून तिच्या वहीतला कागद फाडून लिहितेय.

ह्यांनी बोललेली राखण परवा दिली. हे जाऊन तीन महिने झाले, पण देवाला कबूल केलेला बोकड घरात ठेवून चालायचं नाही, असं गावकी म्हणाली. मटण वाडीत वाटलं, कातडं मी मागून घेतलं. तुला ठाऊक आहे, राखणीच्या बोकडाचं कातडं आमच्या ढोलाला चढतं. जुनं पान गणपतीतच फाटलं. शिमग्याला नवं चढवू, असं हे म्हणाले होते. ते काम हे एकटेच परड्यात करायचे, वास येतो म्हणून आम्हाला जवळ येऊ देत नसत. मी एकदाही बघितलं नाही.

धाकटे दीर, प्रमोदभाऊजी, मुंबईहून म्हणाले, हल्ली प्लास्टिकचं पान मिळतं, येताना आणतो. मी नको म्हटलं. शिमग्याला पालखी आमच्या खळ्यात येईल तेव्हा ह्यांचा ढोल ह्यांच्याच बोकडाच्या कातड्यावर वाजला पाहिजे. मला दुसरं काही नको. तू मुंबईला सहा वर्षं चामड्याच्या कारखान्यात होतास. काय करायचं ते नीट लिही. सध्या मीठ चोळून घमेल्यात ठेवलंय.

मनालीवहिनीस नमस्कार. लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर हवं.

तुझी,
सुनंदा


पोफळी, वीजघर वसाहत
१३ जानेवारी २०२६

चि. सुनंदा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

मायन्याशीच दहा मिनिटं अडलो होतो. इतकी वर्षं हात आपोआप ‘चि. सौ.’ लिहायचा. एक कागद त्यातच फुकट गेला.

अगो, सुकटीच्या डब्याचं झाकण उघडलं की नाक धरून पळणारी तू, आणि आता कातडं कमावणार? बाबा असते तर तुला नाही, मलाच ओरडले असते. कुणब्याचा पोर चामड्यात हात घालतो म्हणून सहा महिने माझ्याशी बोलले नव्हते, आठवतंय? त्या कारखान्यात शेजारी बसून ज्यांनी मला हे शिकवलं, त्यांच्या घरच्या पोरांनी आता हे काम सोडलं. बरंच केलं. पण हात अजून विसरलेला नाही, तेव्हा काळजी नको.

मीठ धुऊन टाक. निळ्या पिंपात चुन्याचं दाट पाणी कर आणि कातडं आठ-दहा दिवस बुडवून ठेव. रोज काठीने हलवत जा. केस ओढल्यावर सुटायला लागले की माडाच्या ओंडक्यावर पसर आणि बोथट कोयत्याने खरवड. आधी केस, मग उलटं करून आतली चरबी आणि पडदा. हातात रबरी मोजे घालच. चुना बोकडाची कातडी ओळखत नाही आणि माणसाचीही नाही. एवढं झालं की कळव, झाडाच्या सालीच्या पाण्यात कसं कमवायचं ते पुढच्या पत्रात लिहितो.

वहिनी म्हणते, सानवीची बारावीची परीक्षा झाली की दोघी इकडेच या. मीही तेच म्हणतो. जीव लावून आहोत, हे विसरू नको.

तुझा,
सहदेवदादा


माळवाडी
२९ जानेवारी २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चुना झाला, केस निघाले, चरबीही निघाली. कातडं पांढरं झालंय, उजेडात धरलं की पलीकडची बोटं दिसतात. वास येतो म्हणतात. मला येत नाही. शेजारची मैना काकी पदर नाकाला लावून येते, बसते आणि लगेच उठते.

मोजे घातले होते, पण आत पाणी गेलं म्हणून काढून ठेवले. तिसऱ्या दिवशी सानवी किंचाळली. माझ्या हातांची सालं निघाली होती आणि बोटांच्या बेचक्यांत लाल दिसत होतं. मला कळलंच नव्हतं. खोबरेल लावलं. दुखतं का, दुखतं का, असं ती दिवसातून चारदा विचारते. दुखत नाही. खरंच नाही.

मायन्यात ‘सौ.’ गाळलंस ते दिसलं. ‘गं. भा.’ही लिहिलं नाहीस, ते बरं केलंस.

येणारंजाणारं माणूस विचारतं, शेवटी काय बोलले. काही बोलले नाहीत. भाताची झोडणी चालली होती. मी आत चुलीपाशी होते. बाहेर खळ्यात धप्प असा आवाज झाला. मला वाटलं, ह्यांनी भाताचं पोतं उतरवलं. तव्यावरची भाकरी परतली, आणखी दोन थापल्या, भाजल्या आणि मग चहा घेऊन बाहेर गेले. दोन भाकऱ्या, दादा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, सानवीलाही नाही. मी रडले नाही म्हणून बायका आपसांत बोलतात. येत नाही तर काय करू?

सालीचं लिही. मोठ्यांना नमस्कार, तुझी आठवण असते.

सुनंदा


पोफळी
४ फेब्रुवारी २०२६

चि. सुनंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, वहिनीला दाखवलं नाही. काशीरामराव खाली पडायच्या आधीच गेले होते, असं डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले. तू उडी मारून गेली असतीस तरी हाती काही लागलं नसतं. हे तुला पटायचं नाही, तरी लिहितो, आणि पुन्हा विचारशील तेव्हा पुन्हा लिहीन. त्या भाकऱ्यांचं ओझं एकटीने वाहू नको गो बाय.

आता काम. चुना पुरता काढायचा. पाच-सहा पाण्यांनी धू, मग कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात दोन दिवस ठेव. ऐनाची साल आणि फोडलेले हिरडे एकत्र उकळून थंड कर. पहिले पाच दिवस पातळ पाणी, पुढचे पाच दाट, शेवटचे पाच त्याहून दाट. घाई केलीस तर वरून झालेलं दिसेल आणि आत कच्चं राहील. कच्चं चामडं हाती लागलं की आमचा मुकादम ते तोंडावर फेकायचा. कोपरा कापून बघ, आतपर्यंत एकच तपकिरी रंग दिसला की झालं. मग करंजेल चोळून सावलीत ताण आणि अर्धं सुकलं की खांबावर घासून मऊ कर. असं पान होईल की ढोल आपणहून बोलेल. माझं नाव सांगशील.

या वेळी मोजे घाल, नाहीतर मी येऊन हात बांधून ठेवीन. सानवीला अभ्यासाला आशीर्वाद. आहे तसा लोभ असू दे.

सहदेवदादा


माळवाडी
२७ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झालं. कोपरा कापून पाहिला, आतपर्यंत तपकिरी आहे. सानवी म्हणाली, आई, दुकानातल्या पर्ससारखं दिसतंय. काल दिवसभर पडवीच्या खांबावर घासलं. मला ह्यापेक्षा जास्त काही लिहायला सुचत नाही.

प्रमोदभाऊजी होमाच्या आदल्या दिवशी येतात, तेच चढवतील आणि वाजवतीलही. पालखी शनिवारी, ७ तारखेला आमच्याकडे. वर्ष फिरलं नाही म्हणून यंदा पुरण नाही. ओटी सानवी भरेल, मी आतच असेन. ढोल वाजला की झालं, मग पुढचं बघू. पोफळीला यायचंही तेव्हाच ठरवते.

तुम्हा दोघांचा हात पाठीवर असावा.

सुनंदा


पोफळी
५ मार्च २०२६

चि. सुनंदा,
आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. काल वसाहतीतल्या मंडळाच्या ढोलाला पान चढवत होते, तिथे उभा होतो. कातडं पांढरं, ओलं, नुसतं केस काढलेलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, अहो, हे कमावलेलं नाही. तो वाजवणारा हात न थांबवता म्हणाला, ढोलाचं कातडं कमवायचं नसतं, ओलं चढवायचं आणि कडकडीत वाळू द्यायचं. कमावलेलं कातडं बोलत नाही, मुकं होतं.

म्हणजे २९ जानेवारीला तू लिहिलंस ना, पलीकडची बोटं दिसतात म्हणून, तेव्हाच तुझं काम झालं होतं. तिथेच थांबायचं होतं. मी आयुष्यात पिशव्यांचं नि पट्ट्यांचं चामडं केलं, ढोलाचं कधीच नाही. तरी कुणाला विचारलं नाही. आपल्याला सगळं येतं असा माज. तुझी एकच मागणी होती आणि ती मी हिरड्याच्या पाण्यात बुडवली.

दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तू फोनवर बोलत नाहीस, ह्याच्या आड लपून हे पत्र लिहितोय. शनिवारच्या आत ते पोचणार नाही, हेही मला ठाऊक आहे. मला लाज वाटते. रागव, पण तोडू नको.

सहदेव


माळवाडी
१० मार्च २०२६

ती. दादास,
सुनंदाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं. सानवी म्हणाली, मामाने रडत लिहिलंय वाटतं, अक्षर बघ. आता ऐक.

प्रमोदभाऊजींना पान चढवतानाच कळलं होतं. त्यांनी परड्यात जाऊन हळूच थाप मारून पाहिली. पण वहिनीने दोन महिने खपून केलंय, तिला कोण सांगणार, म्हणून गप्प बसले. होमावर तापवलं तर आवाज चढेल, अशी आशा. तूही गप्प, तेही गप्प. पुरुषांनो, तुमचं काय करावं?

शनिवारी चारच्या सुमारास पालखी खळ्यात आली. ताशा थांबवला, कारण आमच्या खळ्यात पहिली टिपरी आमच्या ढोलाची पडते. मी आत चुलीपाशी होते, माणसांसाठी चहा टाकला होता. भाऊजींनी टिपरी मारली आणि बाहेर धप्प असा आवाज झाला.

तोच आवाज, दादा. भाताचं पोतं पडल्यासारखा.

मी पातेलं टाकलं. चहा चुलीत सांडला. उंबऱ्याला ठेच लागली, पदर खांद्यावर नव्हता, तशी धावत खळ्यात आले आणि काशीराम, काशीराम म्हणून ओरडले. लग्नातल्या उखाण्यानंतर मी हे नाव तोंडाने घेतलं नव्हतं. सगळी वाडी बघत होती, पालखी खांद्यांवर तशीच होती. ज्या जागी हे पडले होते तिथे मी बसले आणि रडले. किती वेळ ते मला माहीत नाही. सानवी म्हणते, मानकऱ्यांनी सगळ्यांना थांबवून ठेवलं, कुणी हललं नाही. मैना काकीने मागून येऊन पदर नीट केला.

मग ढोलाशिवायच, नुसत्या झांजांवर पालखी नाचली. आमच्या खळ्यात यंदा ढोल वाजला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय हे कितीतरी दिवसांनी कळलं. तुझ्यावर राग आला तोही खरा आहे. तो रात्रभर टिकला. पुढच्या राखणीला कातडं मीच करीन, पांढरं झालं की थांबेन. पोफळीला चार दिवस येऊ, राहायला नाही.

भाऊजींनी पान उतरवून दिलं. मी ते मांडीवर घेऊन बसते. फार मऊ झालंय, तू म्हणालास तसंच. त्यावरून हात फिरवला तर बेचक्यांत झोंबलं. सानवीने सवयीने विचारलं, दुखतं का. मी म्हटलं, हो, दुखतं गो. तर ती वेडी हसायला लागली आणि खोबरेल आणायला धावली.

वहिनीस नमस्कार. तुला तोडलेलं नाही, तूही लोभ सोडू नको.

तुझी,
सुनंदा