मोकळ्या हातांचा चोर

मंगळवार, २० नोव्हेंबर १९४५

आधी दुरुस्ती. परवा इथंच लिहिलं की वेशीतल्या दगडात दोरीनं बांधलेला चोर कोरलाय. चूक. गाव म्हणतं तेच न बघता लिहिलं. आज जवळ बसून पाहिलं. गुडघे बांधलेले आहेत खरे, पण हात मोकळे. एक मांडीवर, एक छातीशी. चोराचे हात सोडून गुडघे कोण बांधील?

नाक झिजून गेलंय. काही हरवलं की चोराला खडा मारायचा, म्हणजे सापडतं, अशी इथली रीत. आता पाटलांनी ठरवलंय, चावडीची नवी पायरी बसवायची ती याच दगडाची. सोमवारी गवंडी येणार. तो चोर नसेल तर...

बुधवार, २१

सापडलं बहुतेक! अज्जा दुकानाच्या ओट्यावर बसले होते, रोजच्यासारखे. उपरणं पाठीमागून घेऊन गुडघ्यांभोवती बांधलेलं, हात मोकळे, सुपारी कातरत. आजोबांना रोज बघते, पण आज बघतच राहिले.

"काय गं, भूत बघितलंस का?"

"अज्जा, असं बांधून का बसता?"

"पाठ धरत न्हाय. बसून बघ की."

बसले. पाठ आपोआप ताठ, पाय सुटत नाहीत. वेशीतला तो असाच बसलाय. हुबेहूब.

गुरुवार, २२

आप्पांना सांगितलं. वडील ते, पण गुरूही: अक्षरं त्यांनीच शिकवली, इष्टलिंग तळहातावर घेऊन स्थिर बसायलाही त्यांनीच. म्हणून त्यांच्यापुढं चुकायची भीती जास्त.

ऐकून घेतलं. म्हणाले, योगात आधी नुसतं स्थिर बसणं होतं. आसनं वाढली ती फार मागाहून, हठयोग्यांच्या हातून. योगसूत्रांवरच्या जुन्या भाष्यात मोजकीच येतात, त्यांत एक आधार घेऊन बसायचं. तो आधार म्हणजे योगपट्ट, पाठीवरून गुडघ्यांभोवती घेतलेला पट्टा.

माझा आनंद मावेना. "म्हणजे आपल्या वेशीत योगी बसलाय! तोही सगळ्यांत जुना!"

"बसणं जुनं. मूर्ती केव्हाची, ते मला ठाऊक नाही. तूही सांगू नकोस. अन् पट्टा पाठीवरून गेलाय का, बघितलंस?"

नव्हतं बघितलं. पाठ मातीत आहे. लाज वाटली.

शनिवार, २४

खुरपं, पाण्याची घागर, नारळाची शेंडी. अव्वा सोबत आली, तोंड फुगवून. "लोकांच्या पोरी रांगोळ्या काढतात, माझी लेक चोराला आंघोळ घालती! त्याला खडा मारला म्हणून माझी नथ सापडली. आता कुणाला मारायचं?"

माती निघाली. शेंडीनं घासलं, पाणी ओतलं.

पट्टा आहे. पाठीवरून सरळ, दोन्हीकडून गुडघ्यांवर आलेला. गाठ कुठंच नाही. आणि पट्ट्यावर बारीक फुलं कोरलीत, ओळीनं. चोराच्या दोरीवर कुणी फुलं कोरतं का?

मी ओरडले. भर वेशीत. अव्वानं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग वाकली, फुलांवरून बोट फिरवलं, आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

आल्यावर आप्पांना सांगितलं. ते उठून स्वतः बघून आले. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाले. जेवण गेलं नाही मला, आनंदानं.

रविवार, २५

आप्पा पाटलांकडं जाऊन आले. पाटील खूप हसले म्हणे. "आमच्या आज्यापासनं चोर हाय त्यो, अन् तुमची पोरगी साधू म्हणती व्हय? पाठवा तिलाच चावडीवर. पटलं तर ऱ्हाऊ दे, न्हाय तर पायरी. पण सभा-बिभा नको, सरकारची इजाजत लागती."

आप्पांना म्हटलं, तुम्हीच बोला. तर म्हणाले, "शोधलंस तू. मी बोललो तर माझं होईल." चावडी चढलेली बाई मी अजून पाहिली नाही. तरी सकाळपासून गुणगुणतेय, अव्वा दोनदा रागावली.

अज्जा म्हणतात, "मी बी येतो. उपरणं बांधून बसतो त्याच्या शेजारी. गवंड्याला म्हणावं, आधी ह्या चोराला उचल."

सांगायचं एवढंच: हात, पट्टा, फुलं. वय विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं. आवाज फुटला नाही तर अज्जांकडं बोट दाखवायचं.

उद्या, सोमवार, २६ नोव्हेंबर. गवंडी पहार घेऊन यायच्या आत.