अंगठ्याखालचा खडक

४ मार्च १६६१, ॲमस्टरडॅम
काकांनी आजही नाहीच म्हटलं! म्हातारा तांडेल टिआर्ड स्वतः आमच्या नकाशांच्या कारखान्यात आला. रशियातल्या अर्खांगेल्स्क बंदराच्या वाटेच्या नकाशावर आपला जाडजूड अंगठा दाबून म्हणाला, "इथं खडक आहे, पोरी. गेल्या साली आमचा तळ खरवडला त्यानं." हेसेल काकांनी मानसुद्धा वर केली नाही. "दोन साक्षी, मग शाई. तुझी एक झाली. दुसरा तांडेल आण."
टिआर्ड शिव्या घालत गेला. त्यातल्या दोन मी मनात पुन्हा म्हटल्या.

११ मार्च
दोन साक्षी! खडक काय शपथ घ्यायला येणार आहे? जूनमध्ये वाउटर त्याच वाटेने जहाज नेणार — माझा नवरा, म्हणजे यांच्याच पुतणीचा! तसं म्हटलं, तर म्हणाले, "तांडेलांना देवमाशाची पाठही खडक दिसते, माखटेल्ट." आणि वाउटर? हेरिंग मासा चावत हसतो. "मी खडकाला नाही भीत गं, तुझ्या जिभेला भितो."
दोघांनी मिळून डोकं उठवलंय माझं.

२ एप्रिल
दिवसभर काकांकडे पाठ करून नकाशावरचे वाळूचे दांडे रंगवले.

१९ एप्रिल
केलं एकदाचं! मूळ नकाशाच्या किनाऱ्यावर सुईची भोकं असतात. तो नव्या कातड्यावर ठेवायचा, कोळशाची पूड झटकायची, खाली ठिपके उतरतात, ते मी शाईने जोडते. काका जेवायला गेले आणि मी भर समुद्रात एक भोक जास्त पाडलं. टिआर्डचा अंगठा टेकला होता, तिथे बरोब्बर मधोमध. आता प्रत्येक नकलेत तिथे ठिपका उतरणार, आणि मी त्याची खडकाची फुली करणार! काका तपासताना नुसती बंदरांची नावं वाचतात, पाण्याकडे बघतच नाहीत.

६ जून
ताफा निघाला. वाउटरच्या हातात माझाच नकाशा. फुली दाखवून बजावलं, "पूर्वेकडून वळसा घालायचा. विसरलास तर घरात घेणार नाही!"
"जशी आज्ञा, बाईसाहेब," म्हणाला. धक्क्यावर सगळ्यांसमोर माझं नाक ओढलं, मेल्याने.

२३ ऑगस्ट
काकांचं पुन्हा तेच प्रवचन — दोन साक्षी, दोन साक्षी. "एक तांडेल खडक दाखवतो गं, दुसरा त्याची जागा दाखवतो." ऐकून ऐकून कान किटले.

१४ ऑक्टोबर
दुसरी साक्ष आली. वाउटरच्या मागून जाणाऱ्या जहाजाच्या तांडेलाने दिली. फुलीच्या जागी पाणी खोल आहे. खडक तिच्या पूर्वेला. वाउटरने वळसा घातला आणि जहाज त्याच्यावरच आपटलं. कोणी वाचलं नाही.
काकांनी रडत रडत खडकाची खरी जागा टोचायला सुई माझ्या हातात दिली. फुली कोणाची, हे विचारलंसुद्धा नाही.
मी फुलीपासून खडकापर्यंतचं अंतर मोजलं. अर्धा अंगठा.